परवाना हाती, मन मात्र साशंक

आपल्याकडे 'पीए' म्हटले की मंत्र्यांच्या मागे फायली घेऊन धावणारा स्वीय सहायक डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत मात्र रुग्णालयातला पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. तो रुग्णाला तपासतो, चाचण्या सांगतो, निदान करतो, औषधे लिहून देतो, शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनच्या समोर उभा राहतो. डॉक्टर नसूनही डॉक्टरांच्या कामाचा मोठा वाटा उचलणाऱ्या या व्यवसायाने तेथे साठी गाठली आहे. त्यात नव्याने पाऊल टाकणाऱ्या अनेकांची व्यथा एकसारखीच असते. पदवी मिळते, परवाना मिळतो, नोकरीही लागते. आणि नेमक्या त्याच वेळी 'आपल्याला काहीच येत नाही, हे आज ना उद्या उघडकीस येणार' ही भीती मनात घर करते.

ही भीती निव्वळ मनाचा खेळ नव्हे, हे आधी समजून घ्यायला हवे. तिचे मूळ शिक्षणाच्या रचनेत आहे. डॉ. युजीन स्टेड यांनी १९६५ साली ड्यूक विद्यापीठात हा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा पहिले चार विद्यार्थी अमेरिकी नौदलात वैद्यकीय सेवा बजावून आलेले होते. त्यांपैकी तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. जखमा, रक्त, तातडीचे निर्णय हे त्यांना नवे नव्हते. आजचा विद्यार्थी पदवीनंतर साधारण २७ महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा करतो. त्यातले निम्मे वर्गात, उरलेले निरनिराळ्या विभागांत. प्रत्यक्ष रुग्णांमधले प्रशिक्षण जेमतेम दोन हजार तासांचे. त्यानंतर पाच तासांत ३०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा. ती उत्तीर्ण झाली आणि राज्याचा परवाना मिळाला की तो थेट कामावर रुजू होऊ शकतो.

अमेरिकेतल्या डॉक्टरला वैद्यकीय महाविद्यालयातील चार वर्षांनंतर किमान तीन वर्षे निवासी म्हणून वरिष्ठांच्या नजरेखाली काढावी लागतात. आपल्याकडे एमबीबीएसनंतर वर्षभर इंटर्नशिप सक्तीची आहे. नव्या पीएला असा सक्तीचा टप्पाच नाही. ऐच्छिक प्रशिक्षण आहे, पण ते सर्वांच्या वाट्याला येत नाही. शिवाय विद्याशाखा बदलण्याची मुभा या व्यवसायात मोठी. आज अस्थिरोग, उद्या हृदयरोग. ही लवचिकता नोकरीच्या बाजारात सोयीची खरी. पण प्रत्येक बदलाबरोबर तो पुन्हा नवशिका होतो. अशा वेळी वाटणाऱ्या धास्तीला 'आत्मविश्वासाचा अभाव' असे नाव देणे म्हणजे व्यवस्थेतली उणीव तरुणाच्या माथी मारण्यासारखे आहे.

त्यात रुग्णाचा ठरलेला प्रश्न असतो, 'डॉक्टर कधी येणार?' तपासणी, निदान, सल्ला सारे झाल्यावर हा प्रश्न ऐकला की उरलेसुरले धैर्यही ओसरते. आपल्याकडच्या रुग्णालयांत ज्या इंटर्न मुलींना दिवसभर 'सिस्टर' म्हणून हाका येतात, त्यांना ही बोच वेगळी समजावून सांगायला नको.

पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांच्या अभ्यासातून या मनःस्थितीचे वर्णन केले. यश मिळाले तरी ते नशिबाने, ओळखीने किंवा परीक्षकाच्या चुकीने मिळाले असे वाटत राहणे, हे तिचे लक्षण. त्यांनी तिला 'इम्पोस्टर फिनॉमिनन' म्हटले. पुढे बोलीत त्याचा 'सिंड्रोम' झाला, परंतु मानसिक आजारांच्या अधिकृत वर्गीकरणात तो नाही.

तथापि सगळीच शंका वाईट नसते, आणि येथेच नवशिक्याची गफलत होते. 'या औषधाची मात्रा मला नक्की आठवत नाही' ही एक शंका, आणि 'मी या खुर्चीवर बसायलाच लायक नाही' ही दुसरी. पहिलीला उत्तर आहे. संदर्भ उघडा, वरिष्ठांना विचारा, दोन मिनिटांत ती मिटते. दुसरीला उत्तर नसते, म्हणून ती रात्रभर जागवते. धोका असा की, दुसरी शंका लपवण्याच्या नादात माणूस पहिलीही लपवतो. विचारले तर अज्ञान उघडे पडेल म्हणून विचारत नाही, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

छातीत दुखण्याचेच उदाहरण घेऊ. पंचेचाळिशीचा गृहस्थ संध्याकाळी येतो, 'पित्त झाले असेल' म्हणतो. ईसीजी सरळ दिसतो. नवा पीए त्याला घरी पाठवतो आणि रात्री अंथरुणात तळमळतो. आता हृदयविकाराच्या झटक्यातही पहिला ईसीजी कधी कधी सर्वसाधारण येऊ शकतो. म्हणूनच तो पुन्हा काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिनची चाचणी काही तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा करतात. तेव्हा त्याच्या मनात 'मी नालायक आहे का?' हा प्रश्न येऊन काहीच साधत नाही. 'दुसरी चाचणी झाली का? त्रास वाढल्यास तडक परत या, असे रुग्णाला स्पष्ट सांगितले का? वरिष्ठांच्या कानावर घातले का?' हे प्रश्न त्याला, तेही रुग्ण समोर असताना, पडायला हवेत. उत्तर 'नाही' असेल तर रात्रीसुद्धा दूरध्वनी करावा. 'होय' असेल, तर नोंद पुन्हा पुन्हा उघडून पाहिल्याने घटकाभर हायसे वाटते, आणि पुढच्या वेळी अधिक वेळा पाहावेसे वाटते. चिंतेचे चक्र फिरते ते असे.

कसे विचारावे, यालाही शिस्त आहे. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून रुग्णालयांत आलेली एक पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. प्रथम आत्ताची स्थिती, मग पार्श्वभूमी, मग आपले अनुमान आणि शेवटी आपण काय करू इच्छितो ते. 'सर, काय करू?' असे विचारण्यापेक्षा 'मला असे वाटते, म्हणून असे करू का?' असे विचारणाऱ्याचे अज्ञान झाकले जात नाही, पण विचार दिसतो. आणि चुकले तर नेमके कोठे चुकले तेही कळते. प्रस्तुत प्रतिनिधीने पहिल्याच अपघाताच्या बातमीत जखमींचा आकडा न विचारता गृहीत धरला होता. दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला. वृत्तपत्रात खुलासा छापून भागते, हा या दोन व्यवसायांतला फरक.

नोकरी स्वीकारतानाच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिल्या महिन्यात दिवसाला किती रुग्ण, संख्या कशी वाढवणार, अडल्यास खोलीबाहेर नेमके कोण असेल? या प्रश्नांना मोघम उत्तरे देणाऱ्या ठिकाणी वेतन कितीही मोठे असले तरी नवशिक्याने दोनदा विचार करावा.

विख्यात शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. गवांदे यांनी 'कॉम्प्लिकेशन्स' या २००२ च्या पुस्तकात, छातीतील मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालताना प्रशिक्षणकाळात आपल्याला आलेले अपयश मोकळेपणाने सांगितले आहे. हात वळण्यासाठी सराव लागतो आणि तो सराव खऱ्या माणसावरच करावा लागतो, ही त्यांची अस्वस्थता आहे. पुढे नावलौकिक झाल्यावरही त्यांनी एका निवृत्त सर्जनना आपल्या शस्त्रक्रिया पाहायला बोलावले, चुका टिपायला सांगितले आणि २०११ मध्ये त्याविषयी लिहिले.

अर्थात सारे काही सरावाने सुटत नाही. आठवडेच्या आठवडे झोप उडणे, कामावर निघताना छाती धडधडणे, रुग्णच टाळावेसे वाटणे अशी लक्षणे दिसली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे; विचारांची दिशा बदलणारी वर्तनोपचार पद्धती अशा चिंतेत उपयोगी ठरते. पण वैद्यकीय क्षेत्रातली माणसेच येथे कचरतात. परवान्याच्या अर्जात मानसिक उपचारांविषयी प्रश्न विचारले जात असल्याने अमेरिकेत अनेकांनी उपचार टाळले. न्यूयॉर्कमधील तातडीच्या विभागाच्या डॉ. लोर्ना ब्रीन यांनी २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, आयुष्य संपवले. त्यानंतर २०२२ मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला आणि अनेक राज्यांनी हे प्रश्न अर्जांतून गाळण्यास सुरुवात केली.

भारतात फिजिशियन असिस्टंटचे प्रशिक्षण १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाले, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला संलग्न आरोग्यसेवांत स्थान दिले. नव्या मुलामुलींच्या पाठीशी पहिल्या वर्षी कोण उभे राहणार, हे मात्र रुग्णालयागणिक बदलते. मनावरचा ताण कोणाजवळ बोलावासा वाटला, तर 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.