अपघातातील दुखापत आणि भरपाईचा हिशेब

गाडीच्या धडकेत जखमी झालेल्या माणसाची भरपाई १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ठरते. पोलिसांतला गुन्हा वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. गुन्ह्यात चालकाला शिक्षा होते की नाही एवढाच प्रश्न असतो, जखमीच्या हाती त्यातून सहसा काही पडत नाही. पैशांसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते आणि तिथे चालक, गाडीमालक व विमा कंपनी अशा तिघांना समोर उभे करतात. चालक फौजदारी खटल्यातून सुटला, तरी तेवढ्याने दावा बुडत नाही.

अर्ज अपघात झाला तिथे, जखमी राहतो तिथे किंवा समोरची बाजू राहते तिथे करता येतो. कोल्हापूरचा माणूस द्रुतगती मार्गावर जखमी झाला, तर त्याने तारखांसाठी पनवेल किंवा पुण्याला खेटे घालायची गरज नाही. मुदतीची गोष्ट मात्र बदलली आहे. १९९४ नंतर दाव्याला मुदतच नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून ती अपघाताच्या तारखेपासून सहा महिने झाली. या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर थांबणे शहाणपणाचे नाही.

दाव्याची खरी बैठक कागदांवर असते. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीचे आरसी बुक, विम्याची पॉलिसी, चालकाचा परवाना, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची मूळ बिले लागतात. त्यातही रुग्णालयातली पहिली नोंद मोलाची. तिथे घाईगडबडीत ‘पडून लागले’ असे लिहिले गेले, तर विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत नेमके त्याच ओळीवर बोट ठेवतो.

भरपाई किती, हा सगळ्यांत गैरसमजाचा भाग. उपचारांचा खर्च, बुडालेला रोजगार, वेदना, पुढे लागणारी शस्त्रक्रिया ही कलमे सहज समजतात. मोठी रक्कम ठरते ती कायमच्या अपंगत्वावरून. अपंगत्वाच्या दाखल्यावर डॉक्टर शरीराची टक्केवारी लिहितात, न्यायाधिकरण कमाई किती घटली ते पाहते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उलगडून सांगितला. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, तोच हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते. दाखल्यावरचा आकडा दोघांचा सारखाच असतो.

समजा, महिना २० हजार मिळवणाऱ्या ३२ वर्षांच्या सुताराची कमाईची क्षमता ३० टक्के घटली. स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवतात, म्हणजे २८ हजार. वर्षाचे ३ लाख ३६ हजार. या वयाला सरला वर्मा निकालानुसार १६ चा गुणक लागतो. त्या गुणाकाराचे ३० टक्के म्हणजे १६ लाख १२ हजार ८००. हे एकाच कलमाचे झाले, उपचारांचा खर्च वगैरे निराळा. मात्र उत्पन्नाचा पुरावा नसेल, तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरते आणि हा सगळा हिशेब खाली येतो. रोखीने मजुरी घेणाऱ्यांना याचा फटका सर्वाधिक बसतो.

जखमीचीही हयगय असेल, तर तिच्या प्रमाणात रक्कम कापली जाते. चालकाकडे परवानाच नव्हता, अशा प्रकरणात विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि मग ते मालकाकडून वसूल करायला सांगितले जाते. चूक कोणाची या वादात पडायचे नसेल, तर गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांच्या ठोक भरपाईची स्वतंत्र तरतूद आहे. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून ५० हजार मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, हे उघड आहे.

निवाडा मान्य नसेल, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, मात्र वादातली रक्कम लाखाच्या आत असेल तर नाही. लोकअदालतीत तडजोड केली, तर पैसे लवकर हाती येतात, पण त्या निवाड्यावर अपील नसते. त्यामुळे सही करण्यापूर्वी वरचा हिशेब एकदा मांडून पाहावा.