ठेका कळतो, शब्द नाही

ठेका धरला की शब्दांकडे कुणाचं लक्ष असतं? गाणं परक्या भाषेतलं असेल तर विचारायलाच नको. जे नीट ऐकू येत नाही ते ज्याचा त्याचा कान भरून काढतो आणि पुढे तेच खरं म्हणून पसरतं. यात गाण्याचा अर्थ तर जातोच, पण ज्यानं ते रचलं त्याचं नावही मागे पडतं. म्हणून जगभर गाजलेल्या चार नाचगाण्यांची खरी हकिकत सांगायला हवी.

गैरसमज : ‘आसेरेहे’ म्हणजेच ‘केचप साँग’ या गाण्याच्या ध्रुवपदात सैतानाला उद्देशून गुप्त संदेश आहे.

वस्तुस्थिती : २००२ साली आलेल्या या गाण्याचं ध्रुवपद निरर्थक आहे आणि ते मुद्दामच तसं लिहिलेलं आहे. गाण्यातला दिएगो मध्यरात्री क्लबात शिरतो. त्याचं आवडतं गाणं लागतं, ते म्हणजे शुगरहिल गँगचं १९७९ मधलं ‘रॅपर्स डिलाइट’. दिएगोला इंग्रजी येत नाही, म्हणून तो कानाला जसं पडेल तसं म्हणत सुटतो. चुकीचं ऐकणं हाच या गाण्याचा विषय आहे. गाणाऱ्या तिघी बहिणी स्पेनमधल्या कोर्दोबाच्या. त्यांचे गिटारवादक वडील ‘तोमाते’, म्हणजे टोमॅटो, या नावानं ओळखले जात. त्यावरूनच मुलींच्या गटाचं नाव पडलं, लास केचप.

गैरसमज : ‘माकारेना’ हे निरागस नाचाचं गाणं आहे.

वस्तुस्थिती : शाळांच्या स्नेहसंमेलनांत लहान मुलं ज्यावर हात फिरवून नाचली, ते गाणं एका बेइमानीची गोष्ट सांगतं. प्रियकर वितोरिनो सैन्यात शपथ घेत असताना माकारेना त्याच्याच दोन मित्रांबरोबर मौज करते. सेव्हियाजवळच्या दोस एरमानास गावच्या ‘लोस देल रिओ’ या जोडीला ही कल्पना १९९२ मध्ये व्हेनेझुएलातल्या काराकास इथे एका फ्लामेंको नर्तिकेला पाहून सुचली. गाण्यातली इंग्रजी कडवी मूळची नव्हेत. मायामीच्या बेसाइड बॉइजनी ती नंतर जोडली आणि १९९६ मध्ये हीच आवृत्ती अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

गैरसमज : ‘लांबाडा’ हे ब्राझीलचं आनंदगीत आहे.

वस्तुस्थिती : लांबाडा हा नाच ब्राझीलचा, पण त्या गाण्याची चाल बोलिव्हियाची. लोस खार्कास या गटानं १९८१ मध्ये ती ध्वनिमुद्रित केली. रडत निघून गेलेल्या प्रिय व्यक्तीचं ते विरहगीत आहे. १९८९ मध्ये काओमा या फ्रान्समधल्या गटाचं ‘लांबाडा’ जगभर वाजलं, तेव्हा त्यावर मूळ रचनाकार एरमोसा बंधूंचं नाव नव्हतं. आपलं श्रेय मिळवण्यासाठी त्यांना कायद्याची वाट धरावी लागली.

गैरसमज : ‘लुई लुई’ मध्ये अश्लील ओळी दडलेल्या आहेत.

वस्तुस्थिती : ६ एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात किंग्समेन या तरुणांच्या बँडनं हे गाणं घाईघाईत रेकॉर्ड केलं. मायक्रोफोन वर, छताच्या बाजूला टांगलेला होता. गायक जॅक इली टाचा उंचावून, मान मागे टाकून ओरडत होता आणि त्याच्या दातांना तारा लावलेल्या होत्या. शब्द सगळे तोंडातच विरले. मग शाळा-कॉलेजांतल्या पोरांनी आपापल्या कल्पनेतल्या चावट ओळी कागदावर उतरवून एकमेकांना दिल्या. आईबाप हादरले. १९६४ मध्ये एका पालकानं थेट ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना पत्र लिहिलं आणि इंडियाना राज्याच्या गव्हर्नरनी हे गाणं वाजवू नका असं रेडिओ केंद्रांना सांगितलं. एफबीआयच्या प्रयोगशाळेत तबकडी वेगवेगळ्या वेगांवर फिरवून ऐकली गेली. आक्षेपार्ह असं काहीच हाती लागलं नाही, कारण मुळात काही कळतच नव्हतं. ५४ व्या सेकंदाच्या आसपास ड्रमवादक लिन ईस्टनच्या तोंडून निसटलेली शिवी मात्र मागे पुसटशी ऐकू येते. तपासाचा सगळा रोख इलीच्या ओळींवर राहिला.

खरे शब्द अगदी साधे आहेत. एक खलाशी दारूच्या गुत्त्यावरच्या लुईजवळ मन मोकळं करतो की जमैकात आपली प्रेयसी वाट पाहतेय, आता निघायला हवं. लॉस एंजेलिसमधल्या रिचर्ड बेरी या कृष्णवर्णीय गायकानं हे गाणं १९५५ मध्ये लिहिलं आणि लग्नासाठी पैसे हवेत म्हणून १९५९ मध्ये त्याचे हक्क ७५० डॉलरला विकले. ज्या गाण्यावरून देशभर गहजब झाला, त्याची मिळकत त्याला पुढची कित्येक वर्षं मिळाली नाही. १९८०च्या दशकात एका पेयकंपनीला ते जाहिरातीत वापरायचं होतं आणि त्यासाठी बेरीची सही लागणार होती. त्या निमित्तानं जुना व्यवहार पुन्हा उकरला गेला आणि आपल्याच गाण्याचे पैसे त्याला अखेर मिळाले. १९९७ मध्ये तो वारला.