राणीछाप काळवंडला म्हणून ग्रेड उतरत नाही

लक्ष्मीपूजन जवळ आलं की देव्हाऱ्यातला राणीछाप किंवा राजाछाप रुपया बाहेर निघतो आणि त्याला चिंच नाहीतर भांड्यांची पावडर लागते. पूजेचं ठीक आहे. पण या सवयीतून एक समजूत पक्की झाली आहे: काळपट नाणं म्हणजे खालच्या ग्रेडचं नाणं.

काळेपणा आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. संग्राहक त्याला टोनिंग म्हणतात. झीज म्हणजे हाताळून धातूच निघून जाणं. जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. झिजलेला रुपया तराजूत कमी भरतो, नुसता काळवंडलेला भरत नाही. ग्रेड ठरतो तो झीज, चकाकी, ओरखडे आणि ठसा किती नीट उमटला आहे यावर.

मग घासून उजळवलं तर भाव वाढेल? उलट पडेल. पावडरीने बारीक समांतर ओरखडे उठतात आणि ते कायमचे राहतात. अशा नाण्याला ग्रेडिंग कंपन्या बहुधा ग्रेडचा आकडा देतच नाहीत, ‘क्लीन्ड’ असा शेरा मारून मोकळ्या होतात. रसायनात बुडवणं त्यामानाने सौम्य वाटतं, पण सल्फाइडच्या थरात नाण्याचीच चांदी अडकलेली असते आणि थराबरोबर तीही जाते. दोन-चार वेळा बुडवलेलं नाणं पांढरं दिसतं, पण मेलेलं दिसतं.

दुसरं टोक गाठणारेही आहेत. कडेला निळा-जांभळा-सोनेरी पट्टा दिसला की ते लगेच वरचा ग्रेड बोलून टाकतात. हे रंग थराच्या जाडीमुळे दिसतात: आधी फिकट पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, निळा. रंग सुंदर असेल तर हौशी माणूस जास्त पैसे मोजतो, आणि मोजावेतही. पण त्याच रंगाखाली ओरखडा लपतो. शिवाय गंधकाने मुद्दाम रंगवलेली नाणी बाजारात भरपूर आहेत. नैसर्गिक रंग सहसा कडेकडून आत हळूहळू उतरत जातो. क्रम सोडून मध्येच भडक निळा डाग आला असेल, तर माझा तरी हात खिशाकडे जात नाही.

खरी परीक्षा उजेडाची. नाणं पाडताना दाबाखाली धातू कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. एकाच दिव्याखाली नाणं कडेला धरून तिरकं फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे आरे चाकासारखे फिरतात, पातळ टोनिंगखालूनही. आता उंच जागा बघा: राणीचा गाल, कानावरचे केस, राजाछापावर मुकुट आणि दाढी. आरा तिथे तुटून करडा, मंद ठिपका दिसला की ती झीज. त्या जागेचं नक्षीकाम सपाट आहे पण चकाकी शाबूत, तर ठसाच कमजोर बसला असं समजावं.

ग्रेडच्या आकड्यांची १ ते ७० ही पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती. तिच्यावर ५८ म्हणजे किंचित झिजलेलं आणि ६० पासून पुढे न वापरलेलं. हा फरक फोटोवरून सांगणारे बरेच भेटतात. स्थिर फोटोत आरे फिरत नाहीत, आणि काळसर नाण्याच्या फोटोत उजेड वाढवला की झीज आणि चकाकी एकसारखीच दिसते. अनुभवी परीक्षकांचीही टोन झालेल्या नाण्यावर एकवाक्यता होत नाही, तेच नाणं पुन्हा पाठवलं तर आकडा बदलू शकतो.

म्हणून अंदाज सांगायचा तर एक आकडा नको, ‘५५ ते ६१’ असा पट्टा सांगा. आणि नाणं हातात न घेता विकत घ्यायचंच असेल, तर त्यातल्या खालच्या आकड्याचा भाव द्या.