निरोप केव्हां पोंचावा?

मेघदूतांतला यक्ष मेघाला वाट सांगतो, घराची खूण सांगतो, निरोपही सांगतो. परंतु त्यांत एक बारीकशी सूचना आहे, तिच्याकडे पाठ घोकणाऱ्या विद्यार्थ्यांचें सहसा लक्ष जात नाहीं. तूं पोंचशील त्या वेळीं ती निजलेली असेल, तर गर्जना न करितां एक प्रहरभर थांब, असें यक्ष बजावतो. प्रहर म्हणजे तीन तास. विरहानें व्याकुळ झालेल्या माणसालाही ऐकणारीच्या झोंपेची आठवण राहिली, हें कालिदासाचें मर्म आम्हांला वर्गांत शिकवितांना नेहमींच मोठें वाटत आलें.

हल्लीं हें थांबण्याचें काम यंत्राकडे सोंपवितां येतें. कचेरींतील माणसें आपसांत बोलण्यासाठीं 'स्लॅक', 'टीम्स' अशीं जीं साधनें वापरतात, त्यांत लिहिलेला मजकूर तत्काळ न धाडतां अमुक दिवशीं अमुक वाजतां जावा, असें नेमून ठेवतां येतें. गुगलच्या जीमेलनें पत्रांसाठीं ही सोय एप्रिल २०१९ मध्यें आणली; स्लॅकमध्यें १२० दिवस पुढची वेळही देतां येते. नेमलेली वेळ येईपर्यंत मजकूर लिहिणाराच्याच ताब्यांत असतो. तो फिरवितां येतो, पुढें ढकलतां येतो, फाडूनही टाकतां येतो. पेटींत पडलेल्या टपालावर असा अधिकार कोणाचाच नसे.

बीडच्या रस्त्यावरील आमचें पाचोड मोसंबीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध. तेथें या गोष्टीचें काय प्रयोजन, असें कोणी विचारील. प्रयोजन आहे, कारण कचेरी आतां घरांत आली आहे. आमची धाकटी सून माडीवर बसून पुण्याच्या एका कंपनीचें काम करिते, आणि काम घेणारी मंडळी आहेत अमेरिकेंत. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात, तेव्हां येथें उन्हाळ्यांत सायंकाळचे साडेसात आणि हिवाळ्यांत रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे तिकडे कामाला रंग भरतो आणि इकडे पानें मांडलीं जातात! फोन वाजला कीं तिचा हात थबकतो. आमच्या मातोश्रींच्या मतें पानावर बसलेल्या माणसाला हांक मारणें हाच मुळीं अपराध. त्या म्हणाल्या, "उत्तर उद्यां दे म्हणावें." त्यावर सून हळूच म्हणाली, "आजी, उत्तर उद्यां दिलें तरी चालेल, असें तेही म्हणतात. पण एकदां वाचल्यावर घास गोड लागतो का?"

या प्रश्नांत सगळें आलें. 'सवडीनें उत्तर द्या' असें लिहिणारा साहेब सज्जन असतो, यांत संशय नाहीं. परंतु वाचणाराची सवड त्याच्या लिहिण्यानेंच संपलेली असते. त्याच्या मनांत विचार रात्रीं अकराला आला असेल, तर त्यानें तो अकरालाच लिहावा, नाहीं तर विसरेल. मात्र पोंचण्याची वेळ सकाळीं साडेनऊची ठेवावी. त्याचा खर्च दोन बोटांच्या हालचालीपुरता.

पण धाकट्या चिरंजीवांचा आक्षेप आम्हांस टाळतां येत नाहीं. ते म्हणतात, मध्यरात्रीं केलेलें काम सकाळीं पोंचविलें कीं वरिष्ठांना वाटतें, सर्व कांहीं कामाच्या वेळांतच उरकतें. मग ओझें कमी कोण करणार? खरें आहे. या सोयीनें वाचणाराची रात्र सुटते, लिहिणाराची नव्हे. त्यासाठीं दुसराच उपाय हवा. बारामतीच्या खासदार श्रीमती सुप्रिया सुळे यांनीं २०१८ सालीं लोकसभेंत एक खासगी विधेयक मांडलें होतें. कामाच्या वेळेबाहेर आलेल्या फोनास किंवा पत्रास उत्तर न देण्याचा हक्क नोकरास असावा, असा त्याचा आशय. तें संमत झालें नाहीं. डिसेंबर २०२५ मध्यें त्यांनीं तें पुन्हां मांडलें. फ्रान्समध्यें असा कायदा २०१७ पासून आहे आणि ऑस्ट्रेलियांत ऑगस्ट २०२४ पासून.

नेमून ठेवलेल्या निरोपाला डोळे नसतात, हाही एक धोका. सुनेच्या ओळखीच्या एका कचेरींत शनिवारीं रात्रीं वरिष्ठानें हाताखालच्या तरुणाला चार खरमरीत ओळी लिहिल्या आणि सोमवारची सकाळ नेमून दिली. रविवारीं त्या मुलाचे वडील वारले. वरिष्ठाला वार्ता कळली, त्यानें फोन करून सांत्वनही केलें. पण त्या चार ओळी वाट पहात आहेत, हें तो विसरला. सोमवारीं साडेनऊला त्या बरोबर पोंचल्या. मुलगा तेव्हां स्मशानांत अस्थि गोळा करीत होता.

आणखी एक खबरदारी सांगितली पाहिजे. नेमलेली वेळ धाडणाराच्या घड्याळाची धरली जाते, घेणाराच्या नव्हे. अमेरिकेंत मार्च व नोव्हेंबरांत घड्याळें तासभर पुढें-मागें करितात, तेव्हां हिशेब हमखास चुकतो.

आमची सून आतां रविवारीं सायंकाळीं, दिवेलागण झाल्यावर, वाट पहात असलेल्या निरोपांची यादी उघडून सगळे पुन्हां वाचते. गेल्या आठवड्यांत पांच होते. दोन तिनें तसेच ठेवले, एकांतला एक शब्द बदलला, उरलेले दोन पुसून टाकले, आणि जेवायला खालीं आली.