काटा खाली, पेट्रोल जास्त

गेल्या आठवड्याचा एपिसोड बऱ्याच जणांनी एसटीत बसून अर्धा ऐकला आणि मोहोळच्या पुढं रेंज गेली म्हणून मेसेज केले. त्यांच्यासाठी तो इथं लिहून काढलाय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मागच्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात.

विषय आमच्या घरची गाडी. २०११ ची, छोटी, पेट्रोल, तीन सिलिंडर. घेतली तेव्हा एकच कारण होतं, ॲव्हरेज. बाबा झेडपीच्या शाळेत गुरुजी होते, गाडी निवडताना त्यांनी रंगसुद्धा विचारला नव्हता, फक्त लिटरला किती जाते ते विचारलं. आता ते ६८ चे आहेत आणि गाडीला १५ वर्षं होतायत. म्हणजे आरटीओत पुन्हा नोंदणी करायची, पुढच्या ५ वर्षांसाठी. त्यामुळं प्रश्न आला की हिच्यावर खर्च करायचा, का विकून मोकळं व्हायचं.

तेव्हा गाडी जात होती लिटरला तेरासुद्धा नाही. सकाळी उभ्या उभ्या थरथरायची, सायलेन्सरमधून काळसर धूर, पिकअप मेलेला. एका गॅरेजला दाखवली. त्यांनी ऑइल बोटावर घेऊन बघितलं, पातळ झालंय म्हणाले, धूर बघितला आणि सांगितलं, "रिंगा गेल्या. इंजिन काढावं लागंल. ३८ हजार धरून चला." गाडीची किंमत एजंट ७० हजार सांगत होता. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे नुसत्या इंजिनात.

आणि मी काय केलं? मी बाबांना बोललो. म्हटलं, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता, तिसऱ्यावर जायचं तिथं दुसऱ्यावरच रेटता, म्हणून इंजिन गेलं. आता चालवणं राहू द्या. किल्ली माझ्याकडं ठेवली. ते काही बोलले नाहीत. तीन आठवडे भाजीला रिक्षानं गेले.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालंय.

बाबांना सवय आहे, पेट्रोल भरलं की डायरीत लिहायचं. तारीख, लिटर, किलोमीटर. एका रविवारी मी त्या डायऱ्या घेऊन बसलो. खरं सांगू, त्यांचं चालवणं कसं बिघडत गेलं हे त्यांनाच दाखवायचं होतं मला. आपण पाचशे-पाचशेचं पेट्रोल टाकतो, त्यामुळं एकेका वेळचा हिशोब खोटा निघतो, एकदा २२ येतं, एकदा ११. पण तीन-चार महिन्यांचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र, मग भागाकार, असं केलं की आकडा बराच खरा येतो. टाकी फुल्ल ते फुल्ल मोजता आलं तर उत्तमच.

आकडे असे निघाले. २०२२ च्या मार्चपर्यंत १७.६ च्या आसपास, वर्षानुवर्षं. मे २०२२ पासून १५.१. आणि मग हळूहळू उतरत २०२५ च्या शेवटी १२.८.

मंडळी, इथं मी थांबलो. कारण झीज अशी होत नाही. रिंगा, व्हॉल्व्ह, क्लच हे सगळं वर्षभरात थोडं थोडं खाली जातं. महाराष्ट्र एक्सप्रेससारखं, प्रत्येक स्टेशनावर थांबत. हे तर एका महिन्यात अडीचनं पडलं होतं. खाडकन पडलं म्हणजे त्या दिवशी काहीतरी झालं. कुणीतरी काहीतरी केलं. आणि माणूस काही एप्रिल महिन्यात अचानक म्हातारा होत नाही.

एप्रिल २०२२ चं पान काढलं. बाबांच्या अक्षरात: "तुळजापूरला जाताना तामलवाडीजवळ गाडी गरम झाली. गॅरेज रु. ६००. आता ठीक."

कसले सहाशे, ते लिहिलेलं नव्हतं.

दुसरा आकडा आधी निकालात काढू, १५.१ ते १२.८ चा. त्यात एक वाटा पेट्रोलचाच. पंपावर आता मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्याला ते नवीन सांगायला नको, उसाचे एवढे कारखाने इथं आहेत. एक लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच. म्हणजे २० टक्के मिसळलं की लिटरमागं ६-७ टक्के ऊर्जा कमी. १५ चे १४ होतील, १२.८ नाही. व्हॉट्सॲपवर सगळा दोष इथेनॉलवर टाकणारे आहेत आणि काहीच फरक पडत नाही म्हणणारेही आहेत. दोघांनी भागाकार केलेला नसतो. (जुन्या गाडीचे रबरी पाइप मात्र इथेनॉलनं लवकर कडक होतात. पेट्रोलचा वास आला तर ते आधी बघा.)

आता मोबाइलवाल्यांच्या कामाची गोष्ट. २०१० साली भारत स्टेज चारचे नियम आले तेव्हा ते पहिल्यांदा फक्त १३ शहरांत लागू झाले, आणि दिल्ली-मुंबई-पुण्याबरोबर त्या यादीत आपलं सोलापूर होतं. त्या नियमांबरोबर गाडीत ओबीडी आलं, म्हणजे गाडीनं स्वतःच्या इंजिनावर स्वतः लक्ष ठेवायची सोय. स्टिअरिंगच्या खाली एक चपटं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा छोटा डोंगल लावला की इंजिनातले आकडे मोबाइलवर दिसतात. स्वस्तातला डोंगल प्रत्येक जुन्या गाडीला जुळतोच असं नाही, म्हणून मित्राचा आणून बघितला. जुळला.

एरर कोड: शून्य. इंजिनचा दिवापण लागलेला नाही. इथं बरेच जण ॲप बंद करतात, "काही नाही, गाडी ठणठणीत आहे" म्हणून. पण कोड येतो सेन्सर चुकीचं बोलतोय असं कॉम्प्युटरला वाटलं तर. सेन्सर खरं बोलत असेल आणि ते खरंच वाईट असेल, तर दरवेळी कोड येईल असं नाही. म्हणून लाइव्ह डेटा बघायचा.

डिसेंबरची सकाळ. पुणे रोडला बाळे सोडून पुढं गेलो, ८० च्या वेगानं वीस मिनिटं. कूलंटचं तापमान ५८. परत फिरून गावात आलो, सात रस्त्याच्या सिग्नलला चढून ६६. चालू इंजिनचं पाणी ८५-९० च्या आसपास हवं.

मग डॅशबोर्डवरच्या काट्याकडं नजर गेली. तो साडेतीन वर्षं खालीच असायचा. आणि आम्ही सगळे खूश! मे महिन्यात ४३-४४ डिग्रीच्या गावात राहणारी माणसं आपण, काटा खाली म्हणजे इंजिन गार, गार म्हणजे चांगलं. एवढंच गणित.

ते का चुकतं ते सांगतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, थर्मोस्टॅट. त्याच्या आत मेण असतं. इंजिन थंड असताना तो बंद, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ८२ डिग्रीला मेण वितळून फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो, पाणी रेडिएटरकडं जातं. बस, एवढंच काम. पण तो बंद अवस्थेतच अडकला तर पाणी रेडिएटरला जात नाही आणि गाडी उकळते. तामलवाडीला तेच झालं असणार. आणि आपल्याकडं त्यावरचा जुना उपाय म्हणजे, "काढून टाका हो, सोलापूरच्या उन्हात त्याचं काय काम!" त्या दिवशी ते बरोबरही असतं, दुपारी रस्त्यावर अडकलेल्या माणसाला गाडी घरी न्यायची असते. नवीन बसवायचा मात्र राहून जातो.

तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन पुरतं तापतच नाही. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. तुमच्या वडिलांच्या स्कूटरला चोक असायचा ना, सकाळी ओढायचा आणि मग बंद करायचा? आमच्या गाडीनं साडेतीन वर्षं चोक पूर्ण बंदच केला नाही. त्यात बाबांच्या फेऱ्या रिटायर झाल्यापासून तीन-तीन किलोमीटरच्या. जादा पेट्रोलची काजळी प्लगवर बसते, धूर काळा होतो, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या कडेनं खाली उतरून ऑइल पातळ करतं. गॅरेजनं बघितलेली प्रत्येक खूण खरी होती. फक्त त्यांनी रिंगा म्हटलं.

रिंगा गेल्या असत्या तर धूर निळसर आला असता, प्लग तेलकट ओला निघाला असता, ऑइलची पातळी उतरली असती. आमची पट्टी काढली तर ऑइल खुणेच्या किंचित वरच, आणि त्याला पेट्रोलचा वास.

तरी अंदाजावर सोडायचं नाही म्हणून होटगी रोडच्या बाजूला एक जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं गेलो. बाबांना घेऊन. त्यांनी तिन्ही प्लग काढले, कोरडे आणि कोळशासारखे काळे. मग प्लगच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन घेतलं: १२, १२, साडेअकरा. तिन्ही जवळजवळ सारखे.

"गुरुजी, इंजिनला काय धाड भरलीय?" मिस्त्री म्हणाले. "काढा म्हणणाऱ्याला आधी हे गेज लावायला सांगा."

इंजिन उघडायला कुणी सांगितलं की हा एक प्रश्न विचारा, कॉम्प्रेशन किती आलं? काढलंच नसेल तर घरी या.

वरचा पाइप सोडून त्यांनी थर्मोस्टॅटची वाटी उघडली. आत काही नव्हतं. रिकामी. बाबा वाकून बघत होते. "सहाशे," एवढंच म्हणाले.

मागचं डावं चाकही हाताला गरम लागत होतं. ब्रेक घासत होता, ॲव्हरेजचा थोडा हिस्सा तिथंही जात होता. ते इंजिनच्या कुठल्याच ॲपमध्ये दिसत नाही. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाकून एका माणसानं ढकलून बघावी, सहज जात नसेल तर इंजिनला शिव्या देण्याआधी चाकं बघा. आणि कृपा करून गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

थर्मोस्टॅट, पॅकिंग, कूलंट, ऑइल बदल, प्लग, ब्रेक, मजुरी धरून ४,२०० रुपये झाले. ३८ हजार नाही. त्यानंतर तीन महिन्यांत डायरीप्रमाणं १५.९ पडतंय. १७.६ परत येणार नाही, पेट्रोलच बदललंय.

मिस्त्रींकडून निघताना किल्ली माझ्या खिशात होती. मी ती बाबांना दिली आणि चुकलं म्हणालो. ते म्हणाले, "क्लचवर पाय ठेवतो, ते मात्र खरं आहे." आणि तिसऱ्यावर घालून विजापूर रोडपर्यंत घेऊन आले.

पुढच्या मंगळवारी ते आणि आई दोघंच तुळजापूरला गेले. तासाभरानं फोन आला. तामलवाडीच्या अलीकडं गाडी बाजूला लावली होती, आवाजात घाबरलेपण.

"अरे, काटा वर आलाय. अर्ध्यावर."

"बाबा, तो तिथंच असायला पाहिजे."

थोडा वेळ शांतता. मग आईचा आवाज, "काय म्हणतोय तो?" आणि बाबांचा, "अर्ध्यावरच पाहिजे म्हणतोय." फोन कट न करताच त्यांनी गाडी सुरू केली.