दगडफूल आणि त्यात नांदणारे जिवाणू

कोकणातील जुन्या आंब्याच्या खोडावर किंवा घाटमाथ्यावरील कातळावर राखी-हिरवट रंगाचे, कडेला कुरळे झालेले पापुद्रे नेहमी दृष्टीस पडतात. यांनाच दगडफूल म्हणतात. गोड्या मसाल्यात वापरले जाणारे दगडफूल याच वर्गातील होय. तथापि झाडावर ते दिसताच पुष्कळ बागायतदारांस तो रोग वाटतो. एका बागायतदाराने आपल्या जुन्या कलमांची खोडे कोयत्याने खरवडून काढल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले. दगडफूल निघाले, पण त्याबरोबर सालही निघाली. आणि पुढील हंगामात त्याच जखमांतून भिरुडाने खोडात प्रवेश केल्याचे आढळून आले. म्हणून हे पापुद्रे म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दगडफूल म्हणजे काय?

दगडफूल ही एकच एक वनस्पती नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार आहे, हे स्वित्झर्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ साली प्रथम मांडले. बुरशी घर बांधते, ओलावा धरून ठेवते आणि खोडाला किंवा दगडाला चिकटून राहते. शेवाळ सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील वाटा बुरशीस मिळतो. दगडफुलास खरी मुळे नसतात. ते सालीच्या बाहेरील मृत थरास केवळ धरून असते. झाडाचा रस शोषून घेत नाही.

जिवाणूंची वसाहत

या संसारात तिसरा भागीदारही आहे, आणि तो म्हणजे जिवाणू. एक ग्रॅम दगडफुलात कोट्यवधी जिवाणू असू शकतात. ते बुरशीच्या तंतूंवर पातळ थर करून राहतात. युरोपातील जुन्या अरण्यांत झाडांच्या सालीवर लोबारिया पल्मोनारिया नावाचे फुप्फुसाच्या आकाराचे दगडफूल वाढते. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील शास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात या एकाच दगडफुलात ८०० हून अधिक प्रकारचे जिवाणू आढळल्याचे नमूद आहे.

यांपैकी पुष्कळ जिवाणू शेतकऱ्यास परिचित अशा गणातील आहेत. हरभरा, तूर, भुईमूग यांच्या मुळांवर गाठी करणारा रायझोबियम ज्या गणात मोडतो, त्याच गणातील जिवाणू दगडफुलातही विपुल असतात. तसेच भातखाचरात नत्र स्थिर करणारे नीलहरित शेवाळ, जे वस्तुतः जिवाणूच होय, लोबारियामध्ये लहान लहान गाठींत राहते.

जिवाणू कोणते काम करतात?

उघड्या दगडावर किंवा कोरड्या सालीवर अन्नद्रव्ये फार थोडी असतात. अशा जागी दगडफूल तग धरते, त्यास जिवाणूंचा मोठा हातभार लागतो. काही जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. काही न विरघळणारे स्फुरद विरघळवून उपलब्ध करून देतात. काही ब-१२ जीवनसत्त्व आणि वाढीस चालना देणारी द्रव्ये पुरवितात. काही बाहेरून येणाऱ्या रोगकारक बुरशींस अटकाव करतात. दगडफुलाचा जुना, निकामी झालेला भाग कुजवून त्यातील अन्नद्रव्ये नव्या वाढीकरिता मोकळी करणे, हेही त्यांचेच काम. शेतात शेणखत कुजविणारे जिवाणू जे करतात, तेच येथे तळहाताएवढ्या जागेत चालते.

मात्र यावरून दगडफूल वाटून ते जिवाणू खत म्हणून शेतास घालावे, असा अर्थ कोणी काढू नये. हे जिवाणू त्या विशिष्ट घरातच सुखाने नांदतात. पिकाकरिता त्या त्या पिकाचे शिफारस केलेले जिवाणू संवर्धनच वापरावे.

बागायतदारांनी काय करावे?

१. दगडफूल खरवडू नये. केवळ त्याच्या नाशासाठी बोर्डो मिश्रणाच्या फवारणीवर पैसा खर्च करू नये.

२. दगडफूल आणि बांडगूळ यांत फरक करावा. बांडगूळ हिरव्या पानांचे असून फांदीत आपली मुळे रुतवून रस शोषते. ते फळे धरण्यापूर्वी चिकटलेल्या जागेच्या खालून फांदीसह कापून टाकावे.

३. अशक्त झाडावर दगडफूल अधिक दिसते, कारण पालवी विरळ झाल्याने खोडावर ऊन पोहोचते. तेथे दगडफूल हे अशक्तपणाचे कारण नसून परिणाम असतो. अशा झाडास शेणखत व खतांची योग्य मात्रा द्यावी, पाण्याचा निचरा पाहावा, वाळलेल्या फांद्या काढाव्यात व खोडावर भिरुडाचा भुसा पडतो काय, याची तपासणी करावी.

४. रानातील दगडफूल विक्रीकरिता काढताना सर्व ओरबाडू नये. त्याची वाढ अत्यंत मंद असते. पुष्कळ जाती वर्षाकाठी काही मिलिमीटरच वाढतात. एका दिवसात खरवडलेले दगडफूल पुन्हा भरून येण्यास अनेक वर्षे लागतात.

सारांश, खोडावरील हा पापुद्रा झाडाचा शत्रू नव्हे. बुरशी, शेवाळ आणि असंख्य जिवाणू यांनी मिळून उभारलेली ती एक वस्ती आहे, आणि ती झाडाकडून आधाराखेरीज काही मागत नाही. कोयता उचलण्यापूर्वी बागायतदार बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे.