तरसालीचे अंतर शून्य कसे होते?

अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीवरील दोन स्थळांचे अंतर काढण्याचे कोसाइनचे सूत्र मुंबई-लंडनसारख्या दूरच्या स्थळांसाठी उत्तम चालते. आपण ते तरसालीहून 6 किलोमीटरवरील एखाद्या स्थळाला लावून पाहू.

पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर धरल्यास त्या अंतराच्या केंद्रीय कोनाचे कोसाइन 0.99999956 येते. चार अंकी कोष्टकात ते 1 होऊन बसते, म्हणजे अंतर शून्य! सात अंकी कोष्टकातील 0.9999996 वरूनही 5.7 किलोमीटरच निघतात. 300 मीटर वाटेतच हरवतात. सूत्र निर्दोष आहे; परंतु अंतराची सारी माहिती शेवटच्या अंकांत दडलेली असते, आणि नेमके तेच आपण गाळतो.

यावर उपाय असा की, कोसाइन न घेता अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग घ्यावा. ही संख्या इवलीशी असली तरी तिचे सार्थ अंक शाबूत राहतात. नाविकांची 'हॅव्हरसाइन' ती हीच; हे नाव जेम्स इनमन याने 1835 मध्ये रूढ केले. आपल्या सूर्यसिद्धान्तातही ज्येच्या जोडीला उत्क्रमज्येचे कोष्टक आहे. त्रिज्या 3438 असता पहिली ज्या 225, तर उत्क्रमज्या अवघी 7.

मात्र हॅव्हरसाइनलाही मर्यादा आहे. तरसालीच्या बरोबर पलीकडचा बिंदू ईस्टर बेटाच्या उत्तरेस प्रशांत महासागरात येतो. त्याच्या आसपास हॅव्हरसाइनच 1 ला भिडते आणि तोच घोटाळा पुन्हा होतो. तेथे त्या पलीकडच्या बिंदूपासूनचे लहान अंतर आधी काढावे आणि ते सुमारे 20,015 किलोमीटरच्या अर्धपरिघातून वजा करावे.